चारशे नव्वद सीसी आणि काकांचा उजवा कान

३० मार्च, गुढीपाडवा
गाडी घरी आली. सिन्नरहून टेम्पोने. १९८२ची, जपानी, टू-स्ट्रोक, सिंगल सिलेंडर, ४९० सीसी. डर्ट बाइक म्हणतात ती हीच. भारतात अशा चारच असतील (माझा अंदाज). रंगनाथकाकांनी स्वतःहून दिली. काका म्हणजे बाबांचे मित्र, एकेकाळचे रॅलीतले रायडर. सख्खे पुतणे सोडून मला का, तर म्हणाले, तू कंपनीत क्वालिटीला आहेस, नियम पाळशील.
नियम दोन. एकही स्क्रू बदलायचा नाही. आणि चालू झाली की एकदा त्यांना ऐकवायची. डावा कान गेलाय, उजवा या वर्षात जाईल असं डॉक्टर म्हणालेत. तो जायच्या आत.
मी शब्द दिला. डोळ्यांत पाणी आलं होतं. माझ्या.

६ एप्रिल
सातपूरहून सलाउद्दीनभाई येऊन पाहून गेले. टू-स्ट्रोक त्यांच्याइतकी नाशकात कुणाला कळत नाही. म्हणाले, कार्बोरेटर साफ करतो, सील टाकतो, आठ दिवसांत गाडी बोलेल. बाकी काही छेडू नका भाऊ.
आठ दिवस! म्हणजे पाडव्याचा शब्द अक्षय्य तृतीयेच्या आत पूर्ण. आशाला सांगितलं. तिने विचारलं, मग माझी स्कूटर परत पार्किंगमध्ये कधी लावायची. बायकोला इतिहासाची ओढ नाही.

२० एप्रिल
विचार केला. नुसती चालू काय, कुणीही करेल. काकांना ऐकवायची तर उत्तम करून ऐकवावी. मूळ सायलेन्सर पाइप चाळीस वर्षांपूर्वीच्या ज्ञानावर बनवलेला आहे. मी सहा व्हिडिओ बघितले. पाइपचा फुगवटा दोन इंच मागे घेतला तर ताकद बरीच वाढते.
हा बदल नाही. ही सुधारणा आहे. काका स्क्रूबद्दल बोलले होते, पाइपबद्दल नाही.

११ मे
मूळ पाइप जपून ठेवला आहे. दोन तुकड्यांत. ग्राइंडर जरा जोरात चालला.
सलाउद्दीनभाई बराच वेळ तुकड्यांकडे बघत राहिले. मग म्हणाले, या अल्लाह, आणि चहा न घेताच गेले.
काकांचा फोन. दर रविवारी येतो. झाली का चालू? म्हटलं, पुढच्या रविवारी नक्की.

१५ जून
नवा पाइप अंबडमधल्या एका शेडमध्ये बनवून घेतला. सुंदर. कार्बोरेटरही मोठा बसवला. आज पहिली किक मारली. गाडीने उलटी किक मारली. पोटरीला. ऑफिसात जिन्यावरून पडलो असं सांगितलं. काकांना पाऊस आहे असं सांगितलं. दोन्ही तसं खोटं नाही. जिना आहे, पाऊसही आहे.

१३ जुलै
पेट्रोलची अडचण. पंपावर कॅनमध्ये देत नाहीत. आशाच्या स्कूटरमधून नळीने थोडं घेतो. अगदी लिटरभर. घरचंच आहे.
कॅनवर मोठ्या अक्षरांत लेबल लावलं: आधी तेल, मग पेट्रोल. टू-स्ट्रोकचं इंजिन पेट्रोलमध्ये मिसळलेल्या तेलावरच जगतं. तेल जळतं म्हणून निळा धूर निघतो. निळा धूर दिसला की समजावं इंजिन खूश आहे, असं काका नेहमी सांगतात. ही चूक लोक कशी करतात कोण जाणे. शिस्त नसते.

२७ जुलै
आशा म्हणते स्कूटरचं अ‍ॅव्हरेज एकदम पडलं. सर्व्हिसिंगला टाक म्हटलं.

१० ऑगस्ट
दुसऱ्यांदा सर्व्हिसिंग. आशा तिथल्या मेकॅनिकशी भांडून आली. तो बिचारा शपथा घेत होता म्हणे. मीही त्याच्याबद्दल चार वाईट वाक्यं बोललो. बोलणं भागच होतं. रात्री जेवण गेलं नाही. पोटरी दुखत होती म्हणून.

२४ ऑगस्ट
सलग तिसरा रविवार, काकांचा फोन नाही. खरं सांगायचं तर बरं वाटलं. मोकळेपणाने काम झालं. काकांना समज आली असावी की चांगल्या कामाला वेळ लागतो.

२१ सप्टेंबर
काकांच्या सुनेचा फोन आला. त्यांना आता फोनवरचं ऐकू येत नाही. उजवा कानही चाललाय. अगदी कानाला तोंड लावून मोठ्याने बोललं तर थोडंफार कळतं. दर रविवारी फोन हातात घेऊन बसतात आणि खाली ठेवतात, असं तीच म्हणाली.
मी लाजलो. खरंच लाजलो. एप्रिलमध्ये सलाउद्दीनभाईंचं ऐकलं असतं तर काकांनी मे महिन्यात दोन-चार वेळा तरी ऐकली असती. हे इथे लिहून ठेवतो, म्हणजे विसरणार नाही.
ठरलं. दसरा. गाडीची पूजा करायची, चालू करायची, सलाउद्दीनभाईंच्या पिकअपमध्ये चढवायची आणि थेट सिन्नरला काकांच्या कानाशी. त्यासाठी सलाउद्दीनभाईंचे पाय धरायला गेलो. ते मागे सरकले, पण हो म्हणाले. अट एकच: मी अकराला येतो, तोपर्यंत किक मारू नका.

२ ऑक्टोबर, दसरा. सकाळी ९
गाडी धुतली. झेंडूचा हार, टाकीवर स्वस्तिक, चाकाखाली लिंबू. सुंदर दिसते आहे. आशा दहाला स्कूटर घेऊन माहेरी सोनं द्यायला जाणार. गाडीत पेट्रोल नाही. तिची अंघोळ होईपर्यंत काढून घेतो. गडबड आहे, कॅनचा वळसा नको, नळी सरळ टाकीतच सोडतो.

त्याच दिवशी, संध्याकाळी
काय झालं ते क्रमाने लिहितो.
आशा गेली. मला राहवेना. पूजेला काकाही दिसावेत म्हणून त्यांच्या सुनेला व्हिडिओ कॉल लावला. काका पडद्यावर आले. नवा सदरा, दाढी केलेली. मी फोन खिडकीच्या गजांत उभा केला आणि किक मारली. तिसऱ्या किकला गाडी चालू! समोरच्या बिल्डिंगमधले लोक गॅलरीत आले. आणि काय चालत होती! सायलेन्सरमधून धूर म्हणून नाही. एक रेष नाही. मी ओरडून काकांना सांगितलं की माझं ट्यूनिंग बघा, किती स्वच्छ.
काका उठून उभे राहिले. दोन्ही हात हलवायला लागले. टाकीकडे बोट दाखवत होते, मग गळ्यावरून हात फिरवत होते. सूनही काहीतरी ओरडत होती, पण गाडीपुढे काही ऐकू येईना. मला वाटलं, म्हातारा आनंदाने वेडा झाला. मला भरून आलं. त्यांच्यासाठी म्हणून मी आणखी रेझ केली.
एक किंचाळी. गाडीची. मग सगळं शांत. किक दगडासारखी घट्ट.
सलाउद्दीनभाई अकराला आले. पेढे घेऊन. टाकीचं झाकण उघडून वास घेतला. माझ्याकडे बघितलं. ऑइल कहाँ है भाऊ, एवढंच विचारलं. ते लेबल लावलेल्या कॅनमध्ये होतं.

३ ऑक्टोबर
इंजिन खोललं. पिस्टन वितळून सिलेंडरला चिकटला आहे. हा पिस्टन जगात कुणी बनवत नाही आता, असं सलाउद्दीनभाई म्हणाले. रागाने नाही, हळू आवाजात म्हणाले. रागावले असते तर बरं झालं असतं.
काल आशाची स्कूटर वाटेतच बंद पडली होती. नऊवारी नेसून तिने ती पंपापर्यंत ढकलत नेली. मी नळीबद्दल सगळं सांगितलं. तिने त्या मेकॅनिकची माफी मागायला मला एकट्यालाच पाठवलं.

५ ऑक्टोबर, रविवार
सिन्नर. एसटीने गेलो. काकांना ऐकू येणार नाही म्हणून सगळं कागदावर लिहून नेलं होतं. तेल विसरलो. पिस्टन गेला. गाडी संपली. चूक माझी, क्षमा करा. पाइपचं आणि कार्बोरेटरचं लिहिलं नाही. एका दिवसात किती दुःख द्यायचं माणसाला, असा विचार केला.
काकांनी वाचलं. म्हणाले, धूर दिसला नाही तेव्हाच कळलं होतं मला. मग कागदाची घडी करत विचारलं, पण आवाज कसा होता रे?
आता आवाज कसा लिहायचा? मी त्यांच्या उजव्या कानाला तोंड लावलं आणि आवाज काढून दाखवला. सत्तेचाळीस वर्षांचा माणूस, ओसरीवर, गाल फुगवून. सून स्वयंपाकघरातून बघायला आली. काका डोळे मिटून ऐकत होते. मला वाटलं, चला, काहीतरी दिलं.
त्यांनी डोळे उघडले. म्हणाले, हा माझ्या गाडीचा आवाज नाही. इतका किरटा नव्हता तो. पाइप बदललास का?
मी मान खाली घातली. त्यांनी माझा खांदा धरून मला जवळ ओढलं, माझ्या कानाला तोंड लावलं आणि खरा आवाज काढून दाखवला. आधी हळू, मग गिअर टाकून चढ चढताना, मग उतारावर सोडून दिल्यावर. जाड, घोगरा, मधूनच अडखळणारा. दम लागेपर्यंत काढत होते. मी तो पहिल्यांदाच ऐकला. आता तो दुसरीकडे कुठेही नाही. त्यांना स्वतःलाही तो ऐकू येत नसणार.
मोबाइल माझ्या वरच्या खिशातच होता. रेकॉर्ड करायचं मला सिन्नर स्टँडवर, एसटीत बसल्यावर सुचलं.