गूकाकांचा एकसंध मंडप

११ जानेवारी
गूकाकांनी अट घातली. ड्रॅगन बोटींच्या सणापर्यंत त्यांच्या बागेतल्या तळ्याकाठी जुन्या वळणाचा मंडप उभा राहिला, तरच त्यांच्या मुलीशी, पेइवनशी, माझ्या लग्नाचं बोलायचं. मी कॉम्प्युटर डिझाइनचा अर्धा कोर्स केलेला आहे. उद्यापासून पहाटे उठणार.

१२ जानेवारी
उशिरा उठलो. थंडी. कालव्यावरच्या दगडी पुलाची कमान मात्र स्वतः मोजली. पुन्हा मोजली.

२ मार्च
डिझाइन तयार. छपराचे चारही कोपरे आभाळाकडे वळलेले, सूझौच्या जुन्या बागांत असतात तसे. पण सगळं स्टीलचं, कारखान्यातच वेल्ड केलेलं, एकसंध. होडीतून आणायचं, क्रेनने उतरवायचं. काका म्हणाले, "अरे बाबा, सुतार तुकडे आणून जागेवर जोडतात, तसं कर की." मी समजावलं, ज्याला जोड नाही त्याला खोड नाही. पेइवनने विचारलं, हे वाक्य जुळवायला किती दिवस बसला होतास? 

१८ जून
आठवडाभर पाऊस. प्लम पिकतात तेव्हा इकडे पडतोच. छत्री आहे. काळजीचं कारण नाही.

२० जून, सकाळी
मंडप होडीवर चढला. देखणा. कमानीखालून चार बोटं जागा सोडून जाणार.

२० जून, दुपारी
अडकला. छपराचे वळलेले कोपरे कमानीत रुतले. माझं माप बरोबर आहे, पाणी चढलं आहे. जानेवारीत ते खाली होतं. होडीवाला चियान म्हणाला, "साहेब, पूल मोजलात, कालवा राहिला." अशांच्या तोंडी लागायचं नाही, असं ठरवलं.

२१ जून
मागेही येत नाही. गावातले म्हातारे आत बसून पत्ते खेळताहेत, चहाही तिथेच. म्हणजे मंडप लोकांना आवडला. पण उद्या सणाची शर्यत, आणि बोटींची वाट हीच. वल्हेकरी काकांच्या दारात भांडायला आले. काका त्यांना म्हणाले, "तो माझा जावई नाही अजून." त्यातलं 'अजून' मला आशादायक वाटलं.

२२ जून
पहाटे चियानने गॅस कटरने चारही कोपरे उडवले. शर्यत वेळेवर झाली. मंडप बागेत उभा राहिला. अट पूर्ण.
काकांनी मंडपाभोवती एक फेरी मारली. म्हणाले, "बसस्टॉप छान झालाय." मी लग्नाचा विषय काढला. सणाचा, पानात बांधलेला भात सोलत ते म्हणाले, "आधी बस तर येऊ दे."
पेइवनने तेवढ्यात आपली स्कूटर आत लावून पाहिली. बरोबर मावली.