माहेरच्या लुगड्याची वाट

ती. मामाआजोबांना,

ईटहून करिश्माचा नमस्कार. तुमच्या धाकट्या बहिणीची, सिताबाईची, मी नात.

आजीनं अन्न सोडलंय. सरणावर माहेरचं लुगडं लागतं, ते दादाच आणील म्हणते. एवढी वर्षं तुम्ही कुठं होता, हे ती विचारत न्हाय. मला मात्र लई राग येतो.

तुमचा ठावठिकाणा काढायला तुळजापूरच्या पुजाऱ्यांकडं गेले. त्यांच्या वहीत आजीच्या माहेरच्या, तेरच्या जाधवांच्या पिढ्यान्‌पिढ्या लिहिल्यात, पण सगळे पुरुष. लेकींची नावं लिहायची पद्धतच नव्हती. म्हणाले, "बापाचं न्हायतर भावाचं नाव सांगा, लगेच घर काढून देतो."

आजीला लहानपणीच दिलेली. बापाला ती अण्णा म्हणायची, तुम्हाला दादा. थोरल्यांचं नाव तोंडात घ्यायचं न्हाय, म्हणून कधी घेतलं न्हाय, आणि आता ते तिलाच ठाऊक न्हाय. तेरला घरोघर विचारलं. ईटला बहीण दिल्याचं कुणालाच आठवेना.

आज पाकिटावर घालायला तुमचं नाव तिला पुन्हा विचारलं. पडल्या पडल्या हसली.

"अगं, दादाला दादाच म्हणत्यात की. तू पाठव, त्याला कळंल."

तुमची नात,
करिश्मा