गुरांची बादली

प्रिय भिंगरी,

पत्र बघून दचकू नकोस. घरी सगळं ठणठणीत आहे, बाबांचा गुडघा सोडून. आणि तो काम सांगितलं की दुखतो, हे तुला ठाऊकच आहे. हातात फोन असताना आईनं पत्र का लिहिलं, असं तुझ्या मनात येईल. तर फोनवर मी काही अवघड बोलायला लागले की तू लगेच "जाऊ दे गं आई" म्हणतेस, आणि माझं मनात जुळवून ठेवलेलं सगळं घशातच राहतं. कागद मध्ये बोलत नाही.

आधी गावाची खबर. आपल्याकडे रेंज अजूनही दूध केंद्राच्या पायऱ्यांवरच येते, त्यामुळे सकाळी अर्धं गाव तिथं किटल्या खाली ठेवून फोन वर धरून उभं असतं. गावाच्या ग्रुपवर आता दोनशे चौदा घरं आहेत. दर शनिवारी प्रत्येक घरानं आपल्या गुरांच्या बादलीचा आणि चारही पोत्यांचा फोटो टाकायचा, असा आमचा नियम आहे. एका पोत्यात काच आणि पत्रा, एकात धुऊन वाळवलेलं प्लास्टिक, एकात ठिबकच्या फाटक्या नळ्या आणि दोऱ्या, आणि चौथं पोतं तोंड बांधून उंचावर टांगलेलं, फवारणीच्या रिकाम्या बाटल्यांचं. बादलीत फक्त गाय खाईल तेच. शेजारची थोरली काकू आठवते ना, जी जन्मात कुणाला आपल्या मोरीपाशी फिरकू द्यायची नाही? ती आता बादलीचे तीन-तीन फोटो टाकते, डावीकडून, उजवीकडून आणि वरून. मागच्या शनिवारी तिनं दूध केंद्रवाल्याचा फोटो दोन बोटांनी मोठा करून पाहिला आणि सालींच्या खाली दडलेला बिस्किटाचा कागद शोधून काढला. सगळ्या ग्रुपवर त्याची अशी काही बिनपाण्यानं केली की त्यानं दिवसभर फोनच बंद ठेवला. रविवारी बिचाऱ्यानं न सांगता नवा फोटो टाकला.

माझे व्हिडिओ तुझे बाबा काढतात. पहिल्या आठवड्यात त्यांचा अंगठाच जास्त दिसायचा. आता इतके तयार झालेत की मला सांगतात, जरा उजेडाकडे तोंड कर, कपाळ काळं येतंय. लग्नाला बत्तीस वर्षं झाली, माझ्या कपाळाकडे त्यांचं लक्ष आत्ता गेलं! पण खरं सांगू, मला फार बरं वाटतं. फाटकी गोणी अंथरून मी तिच्यावर बादली उपडी करते, एकेक वस्तू उचलून ही कुठं जायची ते सांगते, आणि लोक ते बघतात. परवा डोंगरापलीकडच्या गावातून एक ट्रॅक्टर भरून बायका आल्या, आपलं मागचं अंगण बघायला. मी नवं लुगडं नेसून त्यांना कचरा दाखवत होते. माझी मान दिवसभर ताठ होती, आणि रात्री त्या मानेला बाबांनी मलम चोळलं.

आता येत्या गुरुवारी मोठी सभा आहे. शेतकी कार्यालयानं ठेवली आहे, फोनच्या पडद्यावर, शंभरेक गावांची. मला बोलायचं आहे. कार्यालयातल्या बाईंनी विचारलंय की हे तुम्हाला सुचलं कसं, तेवढं नीट सांगा. आणि तिथंच माझं घोडं अडलंय.

तुला तो दिवस आठवत असणार. तू नोकरीतून चार दिवस रजा काढून आली होतीस, स्वतःच्या हातानं रंगवलेला मोठा तक्ता घेऊन. चावडीवर सगळ्यांना बसवलंस आणि समजावलंस, ओला कचरा वेगळा, सुका वेगळा. मी मागं बसले होते. बायकांत कुजबुज चालली होती, की आपल्याकडे ओला कचरा असतो तरी कुठं, सगळं तर गुरांच्या बादलीत जातं. ते मी तुला घरी सांगू शकले असते. पण मी सगळ्यांसमोर उभी राहिले आणि म्हणाले, "बाई, तुमच्या शहरात ज्याला कचरा म्हणतात ते आमची गाय खाते. आम्हाला केर काढायला शिकवायला एवढं शिकवलं का तुला?" सगळं गाव खो खो हसलं. मलाही माझ्या बोलण्याचं कौतुक वाटलं, खोटं कशाला बोलू. तू तक्ता गुंडाळलास, त्यावर ते निळ्या काठाचं पारदर्शक कव्हर चढवलंस, घरी येऊन कोपऱ्यात उभा केलास आणि सकाळच्या गाडीनं गेलीस. त्यानंतर तू दर रविवारी फोन करतेस, पाऊसपाणी विचारतेस, गुडघा विचारतेस. कचऱ्याचा शब्द काढत नाहीस.

त्यानंतर आठ महिन्यांनी आपली तांबडी आजारी पडली. तुला मी अपचन म्हणून सांगितलं होतं. खाणं सुटलं, रवंथ थांबला, पोट नगाऱ्यासारखं झालं. गुरांच्या डॉक्टरांनी तिला उभ्या उभ्याच सुई देऊन डावी कूस उघडली आणि खांद्यापर्यंत हात आत घालून ओढायला सुरुवात केली. पिशव्या, गोणीचे धागे, नायलॉनची दोरी, एकमेकांत पीळ बसलेला गोळाच. अकरा किलो भरला. आणि हे सगळं बाहेरून कुठून आलं नव्हतं. आपल्या बादलीतून, माझ्या हातानं, सालींबरोबर गेलं होतं. तांबडी वाचली, आता पुन्हा सकाळी सात लिटर देते. त्या गोळ्याचा फोटो मी ग्रुपवर टाकला. त्या दिवशी गावातल्या प्रत्येक बाईनं आपापल्या बादलीत हात घालून पाहिला, आणि तिथून सगळं सुरू झालं.

पहिल्या व्हिडिओत मला विचारलं होतं, तुम्हाला हे कुणी शिकवलं? मी म्हणाले, कुणी नाही, गायीनं शिकवलं. लोकांना ते फार आवडलं, जो तो तेच वाक्य पुढं पाठवत सुटला. तूही तो व्हिडिओ बघितलास आणि नुसता एक अंगठा पाठवलास. त्या अंगठ्याकडे मी दोन दिवस बघत होते गं.

आता ज्याच्यासाठी लिहायला बसले ते सांगते. त्या अकरा किलोंत निळ्या काठाचं एक पारदर्शक कव्हर होतं. तू गेलीस त्या सकाळी रागाच्या भरात मी ते तक्त्यावरून ओरबाडून काढलं होतं आणि बादलीत भिरकावलं होतं. डॉक्टरांनी ते गोणीवर टाकलं तेव्हा मी एकटीनंच ओळखलं. धुऊन पेटीत ठेवलं, बाबांनाही दाखवलं नाही. गुरुवारी मी ते शंभर गावांसमोर हातात धरणार आहे आणि सांगणार आहे, की शिकवलं माझ्या लेकीनं, हसले मी, आणि भोगलं माझ्या गायीनं. पण ते तू गावाबरोबर ऐकू नयेस, आधी माझ्याकडून ऐकावंस, म्हणून हे पत्र. चुकलं माझं, भिंगरे. तुझा तक्ता आता दूध केंद्राच्या भिंतीवर आहे. त्यात गुरांच्या बादलीचा आणि चार पोत्यांचा रकाना मी माझ्या वेड्यावाकड्या अक्षरात वाढवलाय, कारण तेवढं तुझंही राहिलंच होतं! सगळ्यात वर मात्र जागा कोरी ठेवली आहे. थोरली काकू म्हणाली, तिथं तुझं नाव लिही. मी म्हणाले, माझी लेक येऊन स्वतः लिहील. रंगीत खडू पायरीवर ठेवलाय.

तुझीच,
जिला तू शिकवलंस ती,
आई