तळाचं वीतभर पाणी

बाबा,

त्या पेटीवर बटण हवंच होतं. तुम्ही जाऊन इतकी वर्षं झाली, माझेही केस पिकले, तरी या एका बाबतीत मी तसूभर मागे हटलेली नाही, हे आधीच सांगून टाकते. नाहीतर तुम्हाला वाटेल, पोरीला उशिरा का होईना शहाणपण सुचलं आणि आता माफी मागायला बसली. तशी मी बसलेली नाही. काल कपाट आवरताना त्या पेटीचं ड्रॉइंग हाती लागलं, पिवळं पडलेलं, घडीवर फाटलेलं, आणि ते बघून डोकं पुन्हा तसंच तापलं, म्हणून लिहायला घेतलं.

डोंबिवलीच्या एमआयडीसीतला आपला तो अर्धा गाळा. ठाण्यातली पक्की नोकरी सोडून तुम्ही तो घेतलात तेव्हा आई आठवडाभर तुमच्याशी बोलली नव्हती. डिप्लोमा झाल्यावर मी तिथेच तुमच्या हाताखाली आले. इमारतींच्या पंपांसाठी आपण पेटी बनवायचो. खालच्या टाकीत नळाचं पाणी साठलं की पंप आपोआप सुरू, गच्चीवरची टाकी भरली की बंद, आणि खालचं पाणी संपत आलं की तेव्हाही बंद, कारण पंप कोरडा फिरला तर मोटार जळते. पाणी कुठवर आहे ते टाकीत सोडलेल्या स्टीलच्या सळ्यांवरून पेटीला कळायचं. ऐकायला सोपं वाटतं. पण पेटी लहान करावी तर आतून तापते, मोठी करावी तर जिन्याखाली मावत नाही; सुरक्षा वाढवावी तर जरा काही झालं की पंप रुसून बसतो. म्हणून तुमचा तो नियम होता. प्रत्येक ड्रॉइंगच्या उजव्या कोपऱ्यात 'सोडलं' असं लिहायचं आणि त्यापुढे, या रचनेसाठी आपण कशावर पाणी सोडलं ते. ते लिहिल्याशिवाय तुमची सही मिळायची नाही. "एका हातानं घेतलंस ना, मग दुसऱ्या हातानं काय गेलं ते सांग," असं तुम्ही चष्म्यावरून बघत म्हणायचात. शेजारच्या गाळ्यातले लोक हसायचे. मला मात्र त्या कोपऱ्याचा अभिमान होता, तोही कबूल करते.

त्या पेटीच्या कोपऱ्यात तुमच्या अक्षरात लिहिलंय, 'सोडलं: तळाचं वीतभर पाणी.' खालची सळी तळापासून वीतभर वर. त्याखाली पाणी गेलं की पंप बंद, मग कोणी कितीही डोकं आपटो. डोंबिवलीतल्या भरल्या टाक्यांना त्याचं काही वाटलं नाही. मग आपण ती पेटी दिवा गावात बसवली.

दिव्याच्या त्या नव्या इमारतीत पाणी एक दिवसाआड यायचं, तेही तासभर. टाकी कधी भरायचीच नाही. तक्रार आली म्हणून आपण दोघं गेलो. मी आजही त्या जिन्याखाली उभी आहे. खाडीकाठच्या कोळीवाड्यातून तिथे राहायला आलेली तिसऱ्या मजल्यावरची बाई कमरेवर कळशी घेऊन उतरते, टाकीचं झाकण सरकवते आणि तुम्हाला हाताला धरून आत बघायला लावते. "टाकीन पानी हाय. दिसतंय ना तुमाला? पन तुमची पेटी देत नाय. मंग आमी काय पेटी पियाची?" तुम्ही शांतपणे मोटारीचं गणित सांगता. ती ऐकून घेते, दोरीनं बादली आत सोडते, कळशी भरते आणि तीन मजले चढते. मग पुन्हा उतरते. मी मोजलं, आपण होतो तेवढ्या वेळात ती सहा वेळा चढली.

घरी आल्यावर आई थालीपिठं लावत होती आणि आपण ओट्याशी उभं राहून भांडत होतो. मी म्हटलं, एक बटण देऊ. दाबून धरलं तर खालची सळी काय म्हणते ते पेटी ऐकणार नाही, बोट काढलं की पुन्हा ऐकेल. पंपाचा आवाज बदलला की सोडायचं. तुम्ही म्हणालात, "अगं, वीतभर पाण्यासाठी मोटार जळाली तर अख्खी इमारत कोरडी राहील. मग कोणाचं भलं केलंस?" आईनं थालीपीठ उलटत म्हटलं, "अहो, ती बाई चढतेय ना तोवर. तिचं सांगा." तुम्ही आईकडे पाठ करून माझ्याकडे वळलात. मला म्हणालात, "तुझ्या ड्रॉइंगच्या कोपऱ्यात काय लिहिणार?" मी तोऱ्यात म्हटलं, "काही नाही. काही सोडलेलंच नाही." तुम्ही ओट्यापासून बाजूला झालात. "काहीच सोडलं नाही म्हणणारा एकतर खोटं बोलतो, नाहीतर त्याला अजून कळलेलं नसतं." तेवढंच बोललात. सही केली नाहीत.

मग तुम्ही दोन दिवस आंबिवलीला आत्याकडे गेलात आणि मी दिव्याला जाऊन बटण बसवून आले. हो, न विचारता. त्या संध्याकाळी तिसऱ्या मजल्यावर नळाला पाणी आलं.

तीन आठवड्यांनी मोटार जळाली. आपण गेलो तेव्हा बटणाच्या फटीत माचिसची काडी खोचलेली होती. दाबलेलं बटण दाबलेलंच राहिलं होतं आणि कोरडा पंप फिरत बसला होता. तुम्ही काडी चिमटीत धरून सगळ्या इमारतीदेखत त्या बाईला बोललात. "आमच्या पेटीत ही काडी नव्हती. चार दिवस सगळे पाण्यावाचून राहणार, ते तुमच्यामुळे." ती खाली बघत राहिली. घरी येताना मला सुनावलंत की बटण देणाऱ्यानं काडीही धरून चालायची असते, आणि मग स्वतः बसून मोटारीची जळालेली तार पुन्हा गुंडाळलीत, पेटीवरचं माझं बटण काढलंत, भोकावर पत्रा ठोकलात. पुढच्या महिन्यात मी ठाण्याच्या कंपनीत नोकरी धरली. तुम्ही थांब म्हणाला नाहीत. मीही वाट बघितली नाही.

आता ऐका. त्यानंतर मी जे जे काही बनवलं, त्या प्रत्येकावर माणसाच्या हाताला एक जागा ठेवली. पंपाच्या पुढच्या पेटीतही बटण होतंच, फक्त दोन मिनिटांनी ते आपोआप सुटायचं, काडी खोचा नाहीतर खुंटी ठोका. वीत तुमची, बटण माझं, आणि मोटार जळाल्याची एकही तक्रार आली नाही. ते दाखवायचं राहून गेलं, तुम्ही आधीच गेलात. पण दाखवलं असतं तर भांडलेही असते. तुमचा कोपरा प्रामाणिक होता बाबा, पण अर्धाच. काय सोडलं ते तुम्ही लिहायचात, कोणाचं सोडलं ते कधीच लिहिलं नाहीत. वीतभर पाणी म्हणजे तुम्हाला टाकीचं माप वाटलं. तो तिसऱ्या मजल्यावरचा संध्याकाळचा भात होता. हे मी आजही तुमच्या तोंडावर सांगितलं असतं.

दुसरं मात्र सांगता आलं नसतं, तेव्हाही आलं नाही. बटण बसवलं त्या संध्याकाळी ती बाई अंगठा चोळत म्हणाली होती, "कवरा येल दाबून धरू?" आणि मी, माझ्याच हुशारीवर खूश होऊन, तिच्याच हातातल्या माचिसमधली एक काडी काढून फटीत खोचून दाखवली होती. तुम्ही तिला बोलत होता तेव्हा तिनं एकदा माझ्याकडे बघितलं. मी गप्प. नंतर जिन्यात मी तिच्यापाशी गेले, तर तीच म्हणाली, "तुजा बापूस हाय ना, म्हनून गप बसले." आणि कळशी उचलून चढू लागली.

हे पत्र त्याच ड्रॉइंगच्या घडीत ठेवतेय. माझं बटणाचं ड्रॉइंगही त्याच घडीत होतं; त्याच्या कोपऱ्यातली जागा अजून कोरी होती, ती आज भरली.

सोडलं: त्या बाईला.