दादाच्या डिग्रीला लागलेलं देज

माय,

काल आमच्या ओसरीवर चार माणसं बसली होती आणि वाद चालला होता, माझ्या नातीला सायन्सला घालायचं की नाही. पैसा बराच लागणार, वर्षं बरीच जाणार, आणि शेवटी हाती काय येणार, असा सगळा सूर. त्यातला एक जण माझ्याकडे वळून म्हणाला, "आजी, तुमचा भाऊ त जुन्या जमान्यातला बी. ई. होता. परवडलं का त्याईले?" मी सुपात तूर निवडत होते. "परवडलं," म्हटलं आणि सूप घेऊन आत आले. आत येऊन पाहते तर निवडलेले खडे मीच परत तुरीत कालवून ठेवलेले. एवढ्या वर्षांनी! राग निवला असं मीच सगळ्यांना सांगत आले होते, पण कसला निवतोय. म्हणून तुला लिहायला बसले. तुला वाचता येत नव्हतं आणि आता तर तू आहेस कुठे, तेव्हा हे पोस्टात टाकायचा प्रश्न नाही. मला चौथीपर्यंत शाळेत तूच पाठवलंस, बाजारात कुणी कागद पुढे केला तर वाचायला घरात एक जण हवं म्हणून. आज तेच अक्षर तुझ्यावर चालवते आहे.

बाबा गेले तेव्हा दादा मॅट्रिकला होता, आणि वाशीमच्या नाल्याकाठचा आपला मळा तुझ्या एकटीच्या अंगावर पडला. तू रडलीस, पण तिसऱ्या दिवशी वांग्यांना पाणी द्यायला उठलीस. बाजारात आपली जागा लिंबाखाली. तू पुढे, मी मागे तराजू धरून. तुझ्या तोंडाला सगळा बाजार भ्यायचा. एक गृहस्थ मेथीची जुडी घेऊन उलटी करतो, सुलटी करतो, वास घेतो, आणि तू म्हणतेस, "घ्याची अशीन त घ्या भाऊ, मेथीसंगं सोयरीक नाई जोडाची तुमाले!" आजूबाजूच्या बाया पदर तोंडात धरून हसतात आणि तो बिचारा दोन जुड्या जास्त घेऊन जातो. मला तू तेव्हा फार आवडायचीस. तुझ्यासारखं बोलता यावं म्हणून मी मळ्यात एकटी असताना दोडक्यांना दरडावून पाहायची.

दादा हुशार निघाला. अमरावतीला इंटर सायन्स करून पुण्याला इंजिनिअरिंगला गेला, आणि प्रत्येक सुट्टीला त्याची भाषा थोडी थोडी बदलून परत यायची. एका दिवाळीला त्यानं चुलीपाशी बसून व्याख्यान दिलं, की देज घेणं म्हणजे मुलगी विकणं आहे, मुलाकडून पैसा मोजून घ्यायची ही चाल आपल्या लोकांनी सोडून दिली पाहिजे. तू अनरसे तळत होतीस. झारा खाली न ठेवता म्हणालीस, "मंग तुह्या कालेजची फी काय झाडाले लागते का रे?" तो हसला, मीही हसले. माझं त्या वेळी अठरावं चालू होतं. लोक मला घोडनवरी म्हणायचे आणि तू मला ठेवून घेतली होतीस, कारण तराजू धरायला दुसरं कोण होतं? फीसाठी तू काय धरून बसली आहेस, ते माझ्या ध्यानातही आलं नव्हतं.

मग दोन स्थळं आली. एक अनसिंगचं, माळ्याचंच घर, मुलगा तरणा. वाशीमच्या बाजारात मी त्याला पाहिलेला. डालं उतरवताना आपल्याकडे बघून हसायचा आणि त्याच्या मिरच्या आपल्यापेक्षा चांगल्या असायच्या. दुसरं रिठदचं. पहिली बायको वारलेली, वय दादापेक्षा बारा-तेरा वर्षांनी जास्त, पण बागाईत मोठी. बिजवराला देज जास्त पडतं ही आपल्यातली रीत. रिठदवाल्यांनी अनसिंगच्या दुप्पट सांगितलं. तेवढ्यात दादाची उरलेली दोन्ही वर्षं निघत होती. मला अनसिंगचं घर हवं होतं. तेव्हा तोंडातून शब्द काढला नाही, आता काढते.

उत्तर द्यायच्या दिवशी तू मामाला बोलावलंस आणि दादाला पुण्याहून बोलावून घेतलंस. मी त्याला घ्यायला स्टेशनवर गेले होते. अकोल्याहून गाडी आली, तो उतरला, आणि घरापर्यंत चालत येताना त्यानं मला सांगितलं, की गेल्या साली पास झालेली त्याच्या कॉलेजातली मुलं घरी बसली आहेत. मंदी आहे. एक जण शिकवण्या करतो, एक जण बापाच्या दुकानात कापड फाडतो. "मायला सांगू नकोस," म्हणाला. मी विचारलं, "मंग तू काहून शिकून राह्यला?" तो म्हणाला, "अर्ध्यातून सोडू कसं?" मला त्याची दया आली आणि भीतीही वाटली, कारण तोपर्यंत मला रिठदच्या पैशाचं कळलं होतं आणि त्याला ते कळलं नव्हतं.

घरी आल्यावर तू त्याला धड हातपायही धुऊ दिले नाहीस. मी चुलीवर भाकरी टाकते आहे, मामा उंबऱ्यात पान जमवतो आहे, आणि तू लसणाची परडी पुढे ओढतेस. तुला आकडे लिहिता येत नसत, वाटे घालता येत. बाजारात वांग्यांचे घालायचीस तसे तू सारवलेल्या जमिनीवर लसणाच्या पाकळ्यांचे वाटे घातलेस. हा फीचा, हा खानावळीचा, हा पुस्तकांचा, हा नकाशे काढायच्या पेटीचा, हा गाडीभाड्याचा. मग दुसऱ्या बाजूची रिकामी जमीन हातानं पुसून म्हणालीस, "हे लागते. आता इकडलं सांग. पास झाल्यावर तुले मह्यन्याचे किती येतीन?"

मामा खाकरला. रिठदचे पाहुणे दुपारी यायचे होते.

"बोल ना रे. तुह्या बहिनीचं देज लावून राह्यली मी यात. वांगे नाई लावून राह्यली."

तेव्हा दादाला कळलं. त्यानं माझ्याकडे पाहिलं. मी त्याच्याकडे पाहिलं आणि माझी भाकरी तव्यावर करपायला लागली. दिवाळीतलं त्याचं सगळं व्याख्यान त्याच्या तोंडावर मला दिसत होतं. एक शब्द खरा बोलला असता तर मी अनसिंगला गेले असते आणि तो मळ्यात परत आला असता. त्यानं परडीत हात घातला, मूठभर पाकळ्या काढल्या आणि रिकाम्या बाजूला ठेवल्या. परत हात घातला. तिसऱ्यांदा घातला. त्याचा ढीग तुझ्या सगळ्या वाट्यांहून मोठा झाला. "एवढे," तो म्हणाला.

"आन् नोकरी?"

"पास झालो की लगेच."

तू त्या ढिगाकडे बराच वेळ पाहत राहिलीस. मग दोन्हीकडच्या पाकळ्या एका हातानं गोळा केल्यास, माझ्यापुढे लोटल्यास आणि म्हणालीस, "ठेचा कर. पाहुने येतीन." मी ठेचा केला. पाहुण्यांनी मागून मागून खाल्ला, आणि जेवणं झाल्यावर मामानं सोयरीक पक्की झाल्याचं सांगितलं.

रिठदला मी वाईट दिवस काढले असं नाही. तुझा जावई बोलायला कमी, पण हात उगारणारा नव्हता, आणि बागेतलं मला कळतं हे त्याला लवकर कळलं. दादा पास झाला. गावात पेढे वाटले. बी. ई. म्हणजे काय हे कुणाला ठाऊक? निम्म्या गावाला वाटलं, आता हा इंजिनावर बसून वाशीमची गाडी हाकणार. मग तो घरी बसला. अर्ज करायचा, उत्तराची वाट पाहायचा, आणि बाजाराच्या दिवशी पाटलोण घालून लिंबाखाली तुझ्या शेजारी बसायचा. लोक मुद्दाम यायचे. "साहेब, वांगे कसे देल्ले?" मी माहेरी आले की हे बघायची. मला आतून बरं वाटायचं, आणि रात्री त्याच्या ताटात भाजी वाढताना त्याच्या तोंडाकडे पाहवत नसे. तू मात्र एकदाही त्याला टाकून बोलली नाहीस. मला याचाही राग यायचा, कारण तराजू वाकडा धरला म्हणून मला तू भर बाजारात चापट मारली होतीस.

पुढे लढाई लागली आणि सरकारला एकाएकी इंजिनिअर हवे झाले. बराकी बांधायच्या, पूल बांधायचे, विमानं उतरवायच्या जागा करायच्या. दादाला बोलावणं आलं. त्यानं जमिनीवर मांडलेला तो ढीग खरा झाला आणि वर्षाभरात त्याहून मोठा झाला. तुला पक्की विहीर झाली, घरावरचे मातीचे कवेलू जाऊन टीन आले. लोक म्हणायला लागले, बाई मोठी धोरणी, पोराला शिकवलं आणि सोनं केलं. दूरच्या देशांत माणसं मरत होती म्हणून आपल्या घरी पगार येत होता, एवढं तुझ्या धोरणात कुठे होतं ते मला अजून सापडलेलं नाही.

पहिला मोठा पगार साठला तेव्हा दादा रिठदला आला. रुमालात बांधलेला पैसा त्यानं तुझ्या जावयासमोर सतरंजीवर ठेवला. म्हणाला, "हे तुमचं देज. बहिणीला विकून शिकलो, मला झोप लागत नाही." तुझा जावई घाबरलाच. रुमाल परत सरकवून म्हणाला, "नाई बाप्पा. हे मी घेतलं त मंग ही माही कोन? दिलेलं दिलं." दादानं पुन्हा पुढे सरकवला. यांनी पुन्हा मागे. मी चहा घेऊन आले तर दोन मोठे बाप्ये एक गाठोडं इकडून तिकडे ढकलतायत, आणि ते गाठोडं म्हणजे मी. माझं डोकं फिरलं. मी कपबशा खाली ठेवल्या, रुमाल उचलला आणि कमरेला खोचला. "तुमाले दोघालेबी नाई पाह्यजे त राहू द्या माह्यापाशी. मोल माहंच होतं न?" चहा कुणी प्यायलं नाही.

ते तुझ्या कानावर गेलं आणि चौथ्या दिवशी तू बैलांच्या दमणीतून उतरलीस. हातपाय धुतले नाहीस, पाणी घेतलं नाहीस, दारातूनच सुरू झालीस. "देज बाईनं घेतलं असं सात पिढ्यात आयकलं नाई! लोक काय म्हनतीन? माय बसली इकाले आन् पोरगी बसली मोजाले! टाक तो पैसा जावयापुढं." मी नाही म्हटलं. तू हात पुढे केलास. मी नाही म्हटलं. आणि मग इतकी वर्षं दाबलेलं तोंडून बाहेर पडलं. "तुले ठाऊक होतं न वं, दादा त्या दिवशी खोटं बोलून राह्यला?"

मला वाटलं, तू नाकारशील. तू म्हणालीस, "हाव. होतं ठाऊक. खरं सांगनारा थांबून थांबून मोजते. तो मुठीनं टाकत होता."

"मंग घेतलं काहून?"

"एक जन तरी निंगाले पाह्यजे होता त्या चिखलातून. तुले कोन घेत होतं कालेजात? तो जाऊ शकत होता, त्याले लोटलं. परवडलं का नाई परवडलं? सांग! अन् तुले काय कमी पडलं इथं?"

कमी काही पडलंच नव्हतं. त्या वर्षी आमची केळी वाऱ्यानं झोपली होती, आणि नवे कंद घ्यायला पैसा दादानंच पाठवला होता, हेही तुला ठाऊक होतं. सौदा तोट्यात गेला असता तर तुझ्याशी भांडणं किती सोपं गेलं असतं! मी नुसती उभी राहिले, रुमालावर हात ठेवून. तू दमणीत बसलीस आणि बैलांना तूच हाकारा घातलास. पुढच्या उन्हाळ्यात तू गेलीस. मधल्या काळात मी माहेरी आले नाही आणि तू बोलावलं नाहीस.

त्या पैशाच्या मी पाटल्या केल्या. मोडायची वेळ बरेचदा आली, मोडल्या नाहीत. नातीच्या सायन्सला आता त्या पुरतील, थोडं वर लागेल ते मुलगा बघेल. ओसरीवरच्या चौघांनी फी काढली, नोकऱ्या काढल्या, तिच्या लग्नाचा खर्चसुद्धा काढला. ती पाण्याचे तांबे देऊन दोनदा त्यांच्यातून गेली, पण तिला कुणी काही विचारलं नाही. आज सकाळी ती केस विंचरत होती तेव्हा मी विचारलं, "तुले जायचं का?" ती जरा चकित झाली. म्हणाली, "इचार करून सांगीन, आजी." सांगेल. मला घाई नाही.

तू मामाला विचारलंस, दादाला विचारलंस, रिठदच्या पाहुण्यांना किती देणार ते विचारलंस. मी चुलीपाशी होते, तुझ्यापासून हातभर. मला विचारलं असतंस तर मी हो म्हटलं असतं, माय. अनसिंगचं घर मनात असूनही म्हटलं असतं. दादानं शिकावं हे मलाही तुझ्याइतकंच वाटत होतं. त्या दिवशी तू दमणीत बसलीस तेव्हा हे जिभेवर आलं होतं. बोलले नाही, कारण ते बोलले असते तर तू तिथंच दमणीतून उतरली असतीस, आणि मला इतक्यात तुला माफ करायचं नव्हतं.