पडवीत ऐकू येत होतं का?

बाबा, एक गोष्ट इतकी वर्षं डोक्यात घोळतेय. लढाईत तोफांच्या आवाजाने तुमचा डावा कान गेला, हे सगळ्या वाडीला ठाऊक होतं. पण उजव्याचं काय? तुम्ही पडवीत सुंभ वळत बसायचात, आई आत चुलीपाशी, आणि मधे माडाच्या झापांचा नुसता आडोसा. पलटणीतून आलात ते गप्पच. आईने पुष्कळ वाट पाहिली, मग तिनेही बोलणं टाकलं. बाहेर कुणाला पत्ता नाही, कारण आपल्याकडे नवराबायको मुलांच्या तोंडूनच बोलायची. 'अगो, तुझ्या बापाशीक सांग,' म्हटलं की झालं. ते सांगणारी मी, तेरा-चौदा वर्षांची, आणि काय सांगायचं ते मीच ठरवायची. तुम्ही म्हणायचात, 'पेजेक मीठ नाय.' मी आत जाऊन सांगते, 'बाबा म्हणतत, पेज बरी झाली, वायच मीठ घाल.' आई म्हणायची, 'हात मोडूक नाय, वाढून घेवा म्हणान सांग.' तुमच्यापर्यंत येईस्तोवर त्याचं 'आई वाढता हा' व्हायचं. मजा यायची मला, खोटं कशाला बोलू. भीतीही तेवढीच वाटायची.

मग एका सकाळी आईने धाकट्या भावाला कडेवर घेतलं, कपड्यांची पिशवी भरली. 'सांग तुझ्या बापाशीक, मी बांद्याक म्हायेराक जातंय. परत येवचंय नाय.' हळू बोलणं तिला कधी जमलंच नाही. मी पडवीत येऊन उभी राहते. तुमचे हात सुंभावर थांबलेले. मी म्हणते, 'आई म्हणता, बांद्याक सोबत येशात काय?' तुम्ही माझ्याकडे बघत राहिलात. मग उठलात, खुंटीवरचा सदरा चढवलात आणि आत तोंड करून म्हणालात, 'ती पिशवी माका दी.' मला नाही, तिला. ती दारातच खिळली. मग तिने पिशवी दिली. आठवडाभराने तुम्ही तिघंही घरी परत आलात.

हात थांबले होते, म्हणजे ऐकलं असणार, असं मी म्हणते. पण काथ्या संपला तरी हात थांबतातच. हे लिहून तरी कुठे धाडणार? आई अजून आहे, तिला विचारता येईल, पण विचारत नाही. ऐकलं असेल, तर तुम्ही तिच्यासाठी उठलात. नसेल, तर माझ्या शब्दावर. पहिलंच खरं असावं, असं मला मनापासून वाटतं. आणि वायच, अगदी वायच, दुसरंही.