नावाड्यानं नाव काहून बुडवली

बाबा, तुमच्या नातीनं मला लॅपटॉपवर रहस्याचा एक खेळ खेळायला बसवलं. तुम्ही तिला पाहिलं नाही. आता ती कॉलेजला जायची झाली. खेळात एका बेटावरचा नावाडी स्वतःचीच नाव बुडवतो. दुसरी नाव नाही. सगळे अडकतात, आणि वेळेवर औषध न मिळून एक बाई दगावते. खलनायक तोच, हे लवकर कळतं. त्यानं असं काहून केलं, ते मात्र आपण ठरवायचं. दुसऱ्या दिवशी सकाळी त्याच नावेतून त्याची मुलगी कायमची शहरात जाणार असते. खेळ तीन उत्तरं पुढे करतो: लोभ, सूड, भीती.

मी तिथंच अडले. मला बालाघाट-गोंदिया वाटेवरचं राजेगाव दिसायला लागलं. नागपूरच्या कॉलेजात नाव घालायला निघालोय, गोंदियाहून गाडी गाठायची म्हणून तुम्ही मला स्कूटरवर नेताय. राजेगावला चहा घेता, ग्लास खाली ठेवता आणि म्हणता, “घरी चाल.”

“काहून, बाबा?”

“मले ठीक वाटून नाही राह्यलं.”

तब्येत ठीक नव्हती, की माझं जाणं? स्कूटर बालाघाटकडे वळली. मग इथंच शिकले, इथंच शाळेत लागले. पुढच्या वर्षी तुम्ही गेलात. आई म्हणायची, त्यांच्या छातीत तेव्हापासूनच दुखत होतं. आत्या म्हणायची, पोरीले दूर पाठवाची छातीच नव्हती त्याची. मला दोघींचंही पटायचं.

“बिचाऱ्यानं मायेपोटी केलं असेल,” मी लेकीला म्हणाले.

“मम्मी, माया ऑप्शनमध्येच नाहीये,” ती हसली. “वो डर गया था. पण डरला म्हणून माफ थोडीच होते? ती बाई तर मेली ना.”

तिनं ‘भीती’वर दाबलं. बरोबर की चूक, खेळानं सांगितलंच नाही. नावाडी नुसता काठावर बसून राहिला. मला तुमचा राग आला, इतक्या वर्षांनी, आणि तो आल्यावर बरंही वाटलं.

काल गोंदियाला जाऊन लेकीला कॉलेजसाठी पुण्याच्या गाडीत बसवून आले. फलाटावर कुणी तरी म्हणालं, गाडी रद्द झाली. तिनं कपाळाला हात लावला, आणि बाबा, माझा जीव एकदम हलका झाला. बातमी खोटी निघाली. गाडी आली, तिची बॅग मीच वर चढवली. माझ्या तेवढ्या आनंदाचं तिला काही बोलले नाही. हे पत्र कुठं टाकायचंच नाही, म्हणून तुम्हाला सांगितलं.